मोडीच्या एका पानाभोवती पाच जण: इतिहासाच्या पीएच.डी.साठी प्रशिक्षण आणि सोबत

प्रश्न थोडक्यात असा. इतिहासात पीएच.डी.ला नाव नोंदवलेले पाच जण आहेत. सगळ्यांचे विषय अठराव्या शतकातले: कुणाचा पुण्यातल्या पेठा, कुणाचा एखाद्या परगण्याचा महसूल, कुणाचा कोकण किनाऱ्यावरचा व्यापार. कोर्सवर्क झालं, आराखडा मंजूर झाला, पण पेशवे दफ्तरात (पेशवाईच्या सरकारी कागदांच्या संग्रहात) रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की मोडी लिपीतलं अक्षर लागत नाही. गाइड महिन्या-दोन महिन्यांनी भेटतात. पाचांपैकी तिघे तासिका तत्त्वावर शिकवतात. अशा वेळी प्रशिक्षण कुठून मिळवायचं आणि पाच जणांनी एकमेकांना नेमकी काय मदत करायची?

मत आधीच सांगतो. मोडी वाचणं, मिती (कागदावरची तारीख) बसवणं, हिशेबाचा कागद उलगडणं ही कामं एकट्याने शिकायला वर्षं जातात. चार जण एका पानाभोवती नियमाने बसले, तर तेच काम काही महिन्यांत हाताला लागतं. मानसिक आधारासाठी वेगळा गट काढावा लागत नाही. असं बसणं नीट चाललं की तो आधार त्यातूनच मिळतो. उलट नुसतं ‘एकमेकांना धीर देऊ’ म्हणून जमलेले गट दोन-तीन महिन्यांत विरतात, कारण पुढच्या वेळी यायला कारणच उरत नाही.

विद्यापीठाकडून काय मिळतं ते स्पष्ट असू द्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन-प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय येतात. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं. मुदत कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ आणि साधारणपणे जास्तीत जास्त ६ वर्षं. यातलं बरंचसं सर्व विद्याशाखांसाठी एकसारखं असल्यामुळे मोडी, जंत्री (तारखा जुळवण्याची कोष्टकं), रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची नोंद) यांना त्यात जागा मिळेलच असं नाही. गाइडला दोष देण्यातही अर्थ नाही. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात आणि शिकवणं, पेपर तपासणं वेगळंच. गाइडकडून विषयाची दिशा, प्रश्नाची धार आणि शिफारसपत्रं घ्या. रोजचा सराव मात्र सोबत्यांबरोबरच करावा लागेल.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. सापडलेला कागद आणि त्यावरचं टिपण सभेत सगळ्यांसमोर वाचायचं ही मंडळाची पद्धत. कागद चार जणांपुढे वाचला की चूक तिथल्या तिथे धरली जाते. तुम्हा पाच जणांना हेच लहान प्रमाणावर करायचं आहे.

पहिले चार महिने फक्त वाचन करा. पुराभिलेख विभागाचे आणि मंडळाचे मोडीचे वर्ग होत असतात. पाचही जणांनी एकदा तरी असा वर्ग करावा, म्हणजे मुळाक्षरं आणि बाराखडी समजते. पण वर्ग संपल्यावर आठ दिवसांत खऱ्या कागदाला हात लावला नाही, तर शिकलेलं निसटतं. वर्गातलं वळणदार अक्षर आणि दफ्तरातल्या घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर यांत फार अंतर आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दांत जागा सोडत नाहीत. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. अनुस्वार कित्येकदा गाळलेला असतो. त्यामुळे मोडी वाचणं म्हणजे निम्मं अक्षर ओळखणं आणि निम्मं त्या काळची भाषा माहीत असणं. ‘विज्ञापना ऐसीजे’, ‘जाणिजे’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘मोर्तब सुद’ असे ठरलेले तुकडे पाठ असले की पानाची सुरुवात आणि शेवट आपोआप सुटतात. मग अडचण मधल्या मजकुरापुरती राहते.

म्हणून मोडीबरोबर छापील साधनंही रोज वाचा. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले. रोज पाच पत्रं मोठ्याने वाचा. कान तयार झाला की डोळ्यांचं काम निम्मं होतं. एक सावधानता इथेच सांगून ठेवतो. सरदेसाईंच्या निवडीत राजकारण आणि मोहिमा यांना झुकतं माप आहे. पेठा, महसूल, व्यापार हे तुमचे विषय त्यात तुरळक सापडतील आणि तेवढ्यावरून ‘साधनं नाहीत’ असा निष्कर्ष काढणं ही पहिल्या वर्षातली मोठी चूक ठरते. तुमचा माल रोजकीर्दी, घडणी, प्रांत अजमास अशा हिशेबाच्या, न छापलेल्या रुमालांत आहे.

आता बैठक. आठवड्यातून एकदा, दोन तास, वार आणि वेळ कायम. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना रविवार सकाळ सोयीची पडते. पान एकच घ्या, पंधरा-वीस ओळींचं. ते चार दिवस आधी सगळ्यांकडे पोचलं पाहिजे आणि प्रत्येकाने एकट्याने, दुसऱ्याला न विचारता, त्याचं देवनागरीत लिप्यंतर करून आणलं पाहिजे. लिहून न आणता नुसता येऊन बसणारा फक्त ऐकतो, शिकत नाही. सुरुवातीला एका पानाला दोन-तीन तास लागतील, अर्धी ओळ रिकामी राहील. ती तशीच रिकामी घेऊन या.

बैठकीत एकाने एक ओळ वाचायची. वाचन वेगळं असेल त्याने तिथेच थांबवायचं. मग वाद कसा सोडवायचा? बहुमताने नाही आणि सर्वांत ज्येष्ठ कोण यावरूनही नाही. त्याच पानावर त्याच हाताने तेच अक्षर आणखी कुठे काढलंय ते शोधा. निःसंशय वाचता येणाऱ्या शब्दातलं, म्हणजे गावाच्या, माणसाच्या नावातलं किंवा ‘सरकार’, ‘रुपये’ अशा शब्दातलं ते अक्षर आणि वादाचं अक्षर शेजारी ठेवा. यातूनच अक्षरतक्ता तयार होतो. मोठा कागद घ्या, डावीकडे मुळाक्षरं लिहा आणि फोटोतून कापलेले त्या कारकुनाच्या अक्षराचे तीन-चार नमुने समोर चिकटवा. दर हाताचा तक्ता वेगळा. आठ-दहा तक्ते झाले की नवा कागद हातात आल्यावर ‘हा अमक्या वळणाचा’ असं चटकन सुचतं. गटाची खरी मिळकत हे तक्ते आहेत. ते एकाच्याच घरी ठेवू नका, स्कॅन करून पाचही जणांकडे असू द्या.

लिप्यंतराचे नियम पहिल्याच दिवशी लिहून काढा, कारण पुढे पाच जणांच्या वह्या एकमेकांना लागणार आहेत. मुळातलं शुद्धलेखन बदलायचं नाही. ‘माहाराज’ असेल तर ‘माहाराज’च. ओळ संपते तिथे तिरकी रेघ. न लागलेलं अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हाने, फाटलेला भाग ‘[फाटले]’, समासातला मजकूर ‘[समासात]’, खोडलेला ‘[खोडले]’. स्वतः घातलेला अनुस्वार किंवा शब्द कंसात. एवढं पुरे. यात हटकून घडणारी चूक अशी: पहिल्या वहीत ‘[?]’ असतं, टिपणात उतरवताना ते गळतं आणि प्रकरणात तोच शब्द ठाम विधान होऊन बसतो. त्यावर मग सगळा मुद्दा उभा राहतो. प्रश्नचिन्ह शेवटच्या मसुद्यापर्यंत जपा.

मितीवर वेगळे तीन-चार आठवडे द्या. इथल्या चुका वाचनातल्या चुकांपेक्षा महाग पडतात, कारण एक साल चुकलं की कार्यकारणच उलटं होतं. समजा, पत्रावर ‘छ १९ रजब, सबा सितैन मया व अलफ’ अशी मिती आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात अरबी महिन्याची तारीख. साल अक्षरांत आहे आणि ते उलटीकडून, एककापासून वाचायचं: सबा ७, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे सुहूर सन (त्या काळच्या मराठी कागदांत चालणारा सन) ११६७. हा सन मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या सुमारास बदलतो. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या साली रजब डिसेंबरात येतो, म्हणून ५९९ मिळवून १७६६. जंत्रीत पाहिलं की २१ डिसेंबर १७६६ च्या आसपास, शके १६८८ च्या मार्गशीर्ष वद्यात, चतुर्थी-पंचमीला ही तारीख बसते. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. पत्रात वार किंवा तिथी असेल तर तिच्यावरून दिवस पक्का करा. नसेल तर ‘सुमारास’ लिहा.

यात घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘सबा’ ७ आणि ‘सबैन’ ७०, ‘सित’ ६ आणि ‘सितैन’ ६०, ‘समान’ ८ आणि ‘समानीन’ ८०. घाईच्या अक्षरात शेवटचा ‘न’ नुसता एक फराटा असतो. दुसरी जागा जास्त फसवी आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून एकाच सुहूर सनात एखाद्या महिन्याचे तेच दिवस दोनदा येऊ शकतात. वरच्याच ११६७ मध्ये मोहरम ९ जून १७६६ च्या सुमारास सुरू झाला आणि पुन्हा ३० मे १७६७ च्या सुमारास. दोन्ही मृगाच्या आतले. तेव्हा नुसतं ‘छ १ मोहरम’ पाहून तारीख ठोकून देता येत नाही. पत्रात पेरणीची गोष्ट आहे की गेल्या हंगामाच्या बाकीची, स्वारी कुठे आहे, यावरून ठरवावं लागतं. गटात बसण्याचा फायदा अशा जागी दिसतो. एकाला महसुलाचं वर्ष पाठ असतं, दुसऱ्याला मोहिमांचा क्रम.

महसुलाच्या कागदात फसली सन (पिकाच्या हंगामावर बेतलेला सन) भेटेल. दख्खनी फसली सुहूरपेक्षा ९ ने पुढे, म्हणजे ११६७ ला ११७६. शके सालात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. उत्तरेकडून आलेल्या पत्रांत महिने पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे असतात, त्यामुळे वद्य पक्षातल्या महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एकाने पुढचं. तिकडचा ‘पौष वद्य’ म्हणजे आपला ‘मार्गशीर्ष वद्य’. हे न कळल्याने पत्र महिनाभर पुढे ढकललं जातं.

कोकण किनाऱ्यावर काम करणाऱ्याने आणखी एक कोष्टक जवळ ठेवावं. पोर्तुगीजांनी ग्रेगरी पंचांग सोळाव्या शतकातच घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे अठराव्या शतकात १७५२ पर्यंत मुंबईच्या इंग्रजी पत्रांतली तारीख गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांपेक्षा ११ दिवस मागे असते, सतराव्या शतकात १० दिवस. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले. इंग्रजी कागदावरचा फेब्रुवारी १७३८ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७३९. वसईच्या मोहिमेचे इंग्रजी, पोर्तुगीज आणि मराठी कागद हे न जुळवता शेजारी ठेवले तर उत्तर आधी आणि पत्र नंतर असा घोटाळा होतो. गोव्याचं पुराभिलेखागार पणजीत आहे. पोर्तुगीज येत नसेल तर गटातल्या एकाने ती भाषा शिकायला घ्यावी. पाचांनी अर्धवट शिकण्यापेक्षा एकाने नीट शिकलेली बरी.

हिशेबाच्या कागदाची भीती अनेकांना असते. खरं तर शिकणाऱ्याला यासारखा चांगला कागद नाही, कारण तो स्वतःच तुमचं वाचन तपासतो. उभी एक रेघ म्हणजे पावली, ४ आणे. ‘॥’ ८ आणे, ‘॥।’ १२ आणे. आडवी एक रेघ १ आणा, दोन रेघा २ आणे. ‘१२५॥।=’ म्हणजे १२५ रुपये १४ आणे. रोजकीर्दीतल्या रकमा उतरवा, बेरीज करा आणि कागदावरच्या बेरजेशी, पुढे तेरजेशी (हिशेबाच्या गोषवाऱ्याशी) ताडून पाहा. जुळली तर वाचन बरोबर. एक-दोन आण्यांचा फरक आला तर कुठलीतरी आडवी रेघ सुटली आहे. मोठा फरक आला तर नाणं पाहा: चांदवडी, अंकुशी असे वेगवेगळे रुपये चालत आणि त्यांचा बट्टा (नाणं बदलताना कापलेली रक्कम) वेगळा दाखवलेला असतो. धान्य ‘कैली’ (मापाने मोजलेलं) आहे की ‘वजनी’ हेही आधी पाहून घ्या. खंडीचे मण वीस असले तरी मणाच्या पायल्या सगळीकडे सारख्या नाहीत. जमिनीत २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. काठीची लांबी मात्र प्रांताप्रमाणे बदलते. म्हणून आजच्या एकरांत रूपांतर करण्याची घाई करू नका. मुळातलं माप ठेवा आणि रूपांतर टिपेत द्या.

दफ्तरात जाण्याचं नियोजन गटाने मिळून करा. राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा ५ दिवसांचा, म्हणजे शनिवार-रविवारी दफ्तर मिळणार नाही आणि नोकरी करणाऱ्याचे तेच दोन दिवस मोकळे. यावर उपाय एकच: जो जाईल त्याने स्वतःचं काम करून उरलेल्या वेळात दुसऱ्याच्या विषयाच्या याद्या पाहायच्या. त्यासाठी पाचही जणांच्या विषयांचे दहा-दहा शोधशब्द (गावं, घराणी, कारखाने, करांची नावं) एका कागदावर सगळ्यांजवळ असावेत. विद्यापीठाचं पत्र, ओळखपत्र आणि गाइडची सही लागते. छायाचित्रांची परवानगी आणि शुल्क आधी फोनवर विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. परवानगी ज्याच्या नावाने त्यानेच ती छायाचित्रं वापरायची अशी अट असेल, तर ती गटासाठीही अट आहे. मग सहकाऱ्याला संदर्भ द्या, छायाचित्र नाही.

रुमाल टेबलावर आडवा ठेवून सोडा, गाठ ओढू नका. हात धुऊन कोरडे करा, पेन पिशवीत राहू द्या, शिसपेन वापरा. कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने परत ठेवा. क्रम बिघडला की पुढच्या माणसाला तो कागद कुणाच्या तरी तळटिपेवरून कधीच सापडणार नाही. छायाचित्र काढण्यापूर्वी एका पट्टीवर दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडक्याचा क्रमांक, कागद क्रमांक आणि बाजू लिहा आणि ती पट्टी कागदाशेजारी, चौकटीच्या आत ठेवा. ‘नंतर नावं देऊ’ म्हणून काढलेली चारशे छायाचित्रं बहुतेक वेळा वाया जातात. त्याच संध्याकाळी अर्धा तास बसून प्रत्येक कागदाची एक ओळ नोंदवा: क्रमांक, मिती, कोणाचं कोणाला, विषय, किती ओळी, लिप्यंतर झालं की नाही. पाचही जणांची ही नोंद एकाच तक्त्यात असेल तर वर्षभरात ती दफ्तराच्या यादीपेक्षा उपयोगी होते, कारण तिच्यात कागदाच्या आतलं असतं.

दुसऱ्या वर्षापासून महिन्यातून एक बैठक मसुद्यासाठी ठेवा. आठ-दहा पानं, त्याहून जास्त नाही, पाच दिवस आधी. लेखकाने पहिली वीस मिनिटं बोलायचं नाही. आपलं लिखाण समजावून सांगण्याची ओढ फार असते, पण परीक्षकाजवळ लेखक बसलेला नसतो. बाकीच्यांनी आधी एका वाक्यात सांगायचं की हे प्रकरण काय म्हणतं. चौघांची चार उत्तरं आली, तर मुद्दा अजून ठरलेला नाही हे लेखकाला न सांगता कळतं. मग पुरावा कुठे पातळ आहे, कोणत्या कागदातून हे निघतच नाही, एका गावावरून सगळ्या प्रांताबद्दल बोललं गेलं आहे का. भाषा आणि शुद्धलेखन शेवटी. बहुतेक गट उलटं करतात, कारण शुद्धलेखनाच्या चुका दाखवणं सोपं आणि सुरक्षित असतं.

त्याच बैठकीत तळटिपांची झडती घ्या. एकाने मसुद्यातल्या कुठल्याही पाच तळटिपा निवडायच्या आणि लेखकाने तिथल्या तिथे मूळ छायाचित्र उघडून दाखवायचं. रुमाल क्रमांक जुळतो का, मिती जुळते का, उद्धृत ओळ शब्दशः तीच आहे का. यात चुका सापडतातच. कारण साधं आहे: मजकूर कागदावरून वहीत, वहीतून टिपणात, टिपणातून प्रकरणात असा तीनदा उतरलेला असतो. घरच्या माणसांसमोर सापडलेली चूक व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) सापडत नाही. वाङ्मयचौर्याच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि नीट श्रेय दिलेलं अवतरण त्यात धरत नाहीत. पण टक्केवारी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला चुकीचा रुमाल क्रमांक किंवा चुकीचं साल कळत नाही. ते माणसानेच पाहावं लागतं.

सापडलेल्या कागदावर हक्क कुणाचा, हा प्रश्न गट मोडण्याचं सर्वांत मोठं कारण. तो पहिल्या महिन्यातच लेखी मिटवा. ज्याला कागद सापडला त्याला तो पहिल्यांदा वापरण्याचा अधिकार. दुसऱ्याने दाखवला असेल तर तळटिपेत नावानिशी उल्लेख. एखादं अवघड वाचन गटात सुटलं असेल तर तेही लिहायचं. कागद दुसऱ्याला देताना तारखेसह ईमेल करायचा, तोंडी नाही. मैत्रीत लेखी कशाला, असं वाटेल. पण लेखी असलं म्हणजे मैत्रीवर ताण येत नाही.

आता आधाराबद्दल. पीएच.डी. कधी अवघड होते ते ठाऊक असलं तर निम्मा त्रास कमी होतो. पहिला टप्पा दफ्तरातले सुरुवातीचे महिने: अक्षर लागत नाही आणि आपण या कामाचे नाही असं वाटतं. दुसरा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, जास्त खोल असतो: छायाचित्रं हजारभर, मुद्दा एकही नाही. तिसरा, फेलोशिपचा हप्ता रखडतो किंवा तासिकांचं मानधन वेळेवर येत नाही आणि घरचे ‘अजून किती दिवस’ विचारायला लागतात. पहिल्यावर साप्ताहिक पान हेच औषध. दुसऱ्यावर एक साधा उपाय चालतो: महिन्याअखेरीला एक पानाचं पत्र सोबत्यांना लिहायचं, ‘या महिन्यात मला काय नव्याने कळलं’. काय वाचलं ते नाही, काय कळलं ते. पाच-सहा पत्रं झाली की त्यात तोच मुद्दा पुन्हा पुन्हा डोकावताना दिसतो आणि बहुधा तोच प्रबंधाचा कणा असतो. तिसऱ्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती, भारतीय इतिहास संशोधन परिषद यांच्या फेलोशिपच्या जाहिराती आणि मुदती पाहण्याचं काम एकाने घ्यावं आणि कागदपत्रांची यादी सगळ्यांना द्यावी. प्रवासाचा, राहण्याचा खर्चही वाटून घेता येतो. पुण्यात दोघींनी एकत्र खोली घेऊन पंधरा दिवस काम करणं एकटीने तीनदा येण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित पडतं.

पाचांच्या जोड्या करा, एका जोडीत तिघे. आठवड्यातून वीस मिनिटांचा फोन आणि तीन प्रश्न: काय झालं, काय अडलं, पुढच्या फोनपर्यंत काय करणार. व्हॉट्सॲपचा ग्रुप वेळ आणि पान कळवण्यापुरताच ठेवा. कुणी सलग दोन बैठकींना आलं नाही तर ग्रुपवर टोमणा नको, जोडीदाराने घरी किंवा हॉस्टेलवर जाऊन भेटावं. झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येते आहे, असं दिसलं तर ते आळसाचं लक्षण समजू नका. डॉक्टरकडे सोबत जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. गाइडकडून किंवा आणखी कुणाकडून लैंगिक छळ होत असेल तर विद्यापीठाची अंतर्गत तक्रार समिती आहे. अशा वेळी गटाने सल्ला देत बसू नये, तारखांसह लेखी नोंद ठेवायला मदत करावी आणि तक्रार द्यायला बरोबर जावं.

गट बिघडण्याची आणखी दोन कारणं सांगतो. ज्याला मोडी लवकर येते तो सगळ्यांना वाचून दाखवू लागतो आणि बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात. म्हणून चांगलं वाचणाऱ्याने ओळीवर शेवटी बोलायचं, असा नियम ठेवा. दुसरं, गाइडांमधले मतभेद विद्यार्थ्यांत उतरतात. दोन वेगवेगळ्या गाइडचे विद्यार्थी गटात असतील तर बैठकीत गाइडविषयी चर्चा नको. ती चहाला करा.

बाहेरच्या लोकांपुढे उभं राहण्याची सवय तिसऱ्या वर्षाच्या आत लागायला हवी. इंडियन हिस्टरी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३५ मध्ये पुण्यातच भरलं होतं. अशा परिषदेत वाचायचा निबंध आधी गटात घड्याळ लावून वाचा. पंधरा मिनिटांत साधारण सहा-सात पानं होतात, बारा पानं नेलीत तर निष्कर्ष वाचायचाच राहतो. व्हायव्हाच्या महिनाभर आधी गटाने दोनदा तालीम घ्यावी. एकाने तुमच्या विषयाबाहेरचा परीक्षक व्हायचं आणि ‘हाच परगणा का, हीच वर्षं का, हे कागद सरकारने ठेवले म्हणून उरले, मग सरकारला नको असलेली माणसं तुमच्या प्रबंधात कुठे आहेत’ हे तीन प्रश्न विचारायचेच.

येत्या रविवारसाठी महसूलवाल्याने आपल्या परगण्याच्या रोजकीर्दीतलं एक पान निवडावं. तारीख, रकमा आणि बेरीज तिन्ही असलेलं. बुधवारपर्यंत सगळ्यांना पाठवावं, छायाचित्र देता येत नसेल तर त्याने हाताने काढलेली मोडी नक्कल. प्रत्येकाने फक्त मिती आणि रकमा उतरवून आणाव्यात, मजकूर नंतर. बेरीज जुळेपर्यंत उठू नका.